सिल्व्हर ॲपलयार्ड बदकं: सातांत चार नर निघाले, काय करावं?

मिरगाची_सर:
नमस्कार मंडळी. मी मूळची कणकवलीजवळची, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये सफोकला राहते. घरामागे थोडी ओलसर जागा आहे. एप्रिलमध्ये सिल्व्हर ॲपलयार्ड जातीची ९ अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती, २८ व्या दिवशी ७ पिल्लं बाहेर आली. पिवळीधमक, आणि डोक्यावर मधोमध काळसर पट्टा, काजळाचं बोट ओढल्यासारखा.

हीच जात का, तर ती इथली आहे. रेजिनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९३० च्या दशकात आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या इक्स्वर्थला ती घडवायला घेतली. मोठी पांढरी अंडी भरपूर द्यावीत, छाती रुंद भरावी, कातडी पांढरी असावी आणि पक्षी देखणाही दिसावा, हे सगळं त्यांना एकाच बदकात हवं होतं. त्यांच्यामागे जात जवळजवळ हरवली. पुढे टॉम बार्टलेट यांनी १९४७ सालचं एक चित्र समोर ठेवून पुन्हा निवड केली, आणि १९८२ मध्ये तिचं प्रमाण, म्हणजे पक्षी कसा दिसावा याचं अधिकृत वर्णन, ठरलं. आजही ती फार कमी लोकांकडे आहे.

आता अडचण. पिल्लं १७ आठवड्यांची झाली आहेत. आवाज फुटला तेव्हाच शंका आली होती: तिघी खणखणीत ओरडतात, चौघांचा आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. मग त्या चौघांच्या शेपटीवर वळलेली पिसं आली. म्हणजे ४ नर, ३ माद्या. गेल्या आठवड्यापासून नर माद्यांना सोडतच नाहीत. 'चांदणी'च्या मानेमागची पिसं उपटून गुलाबी कातडी दिसायला लागली आहे. पाण्यात शिरली की दोघं-दोघं तिच्यावर चढतात आणि तिचं डोकं पाण्याखाली जातं. काल मी गुडघाभर पाण्यात उतरून तिला बाहेर काढलं.

नर विकायला ठेवले, कुणाला नको आहेत. घरात आम्ही मटण-मासे सगळं खातो. पण यांना मी हातावर वाढवलंय, आणि नऊ वर्षांच्या लेकीने नावं ठेवली आहेत. ज्यांनी बदकं पाळली आहेत त्यांनी कृपया मनापासून सांगा.

वाडीतला_बाबू:
ताई, आधी आजच्या आज नर वेगळे करा. बाकीचा विचार नंतर. एका नरामागे निदान चार-पाच माद्या लागतात, तुमच्याकडे उलटं गणित झालंय. मादी पाण्यात बुडून मरते, हे मी स्वतः पाहिलंय.

आमच्याकडे आई बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली रवणीला बसवायची. कोंबडीची सवय एकवीस दिवसांची, इथे आणखी आठवडा बसायचं. आई शेवटचे दिवस तिला दाणे खुराड्यातच द्यायची आणि अंड्यांवर ओल्या हाताने पाणी शिंपडायची. पिल्लं पहिल्यांदा पाटात उतरली की ती कोंबडी काठावरून इकडून तिकडे धावत ओरडायची. तिचा जीव जाईल असं वाटायचं. मी लहान होतो, तिला उचलून पोटाशी धरायचो.

आणि जास्तीचे नर गणपती झाल्यावर खायचे, हे घरात ठरलेलं असायचं. लपवाछपवी नसायची. लेकीला सांगा, मुलांना कळतं. तोवर उरलेला भात, भाकरीचा चुरा घाला, अंगाने भरतील.

टेकडीपलीकडे:
मी वेल्समध्ये आहे, सहा वर्षं ॲपलयार्ड पाळतोय. बाबूदादांचं नर वेगळे करण्याबद्दलचं अगदी बरोबर. माद्या दिसणार नाहीत अशा जागी ठेवले तर चार नर एकत्र गुण्यागोविंदाने राहतात. जाळीपलीकडे माद्या दिसल्या तर मारामाऱ्या करतील.

भात-भाकरी मात्र नको! इथे स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्या-बदकांना घालायला कायद्याने बंदी आहे. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर हे कडक झालं. कोबीचं पान परसातून थेट घातलं तर चालतं, ओट्यावर जाऊन आलं तर नाही. पक्ष्यांची सरकारी नोंदणीही केली असेलच. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे आणि इंग्लंडमध्ये एक पक्षी असला तरी ती लागते.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला जिव्हाळ्याचा वाटतो. अंडी एकाच ठिकाणची असतील, तर तुमचे चारही नर त्या माद्यांचे भाऊ असू शकतात. पुढे पिल्लं काढायची असतील तर यातला एखादा चांगला नर दुसऱ्या पाळणाऱ्याला देऊन त्याचा आणा. निवडताना नुसता हिरव्या डोक्यावर जाऊ नका. गळ्याचा पांढरा पट्टा स्पष्ट आहे का, तांबूस छातीवर चंदेरी झाक आहे का हे बघा. हातात उचला, वजन घ्या, चाल बघा. ही जात अंड्यांसाठी आणि मांसासाठी केलेली आहे. नुसती शोभेची म्हणून निवडत गेलो तर रंग उरेल, अंगातली ताकद जाईल.

बाकीच्या तिघांबद्दल: या जातीचा नर साडेतीन-चार किलोचा होतो. तीन किलोवरच्या पक्ष्याची मान हाताने मोडायला जाऊ नका, त्याला यातना होतील. आधी बेशुद्ध करण्याची पद्धत जाणकाराकडून शिका, नाहीतर त्याच्याकडेच सोपवा. वयाच्या दृष्टीने आता हरकत नाही. दहा-बारा आठवड्यांना नवी पिसं फुटत असतात, तेव्हा सोलणं म्हणजे शिक्षा. सोलण्याआधी पक्षी बुडवायच्या गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, त्याशिवाय पाणी पिसांत शिरत नाही.

मिरगाची_सर:
दोघांचेही मनापासून आभार. बाबूदादा, तुमच्या आईची ती कोंबडी दिवसभर डोळ्यांसमोर होती.

त्याच संध्याकाळी नरांना शेडमागे हलवलं. चांदणी पहिल्यांदाच निवांत पाण्यात बसली, अर्धा तास नुसती पंख धूत होती. चौघांना पिशवीत घालून सामान तोलायच्या काट्याला लावलं: ३.४, ३.५, ३.६ आणि 'भीम' ३.९ किलो. भीमच्या गळ्याचा पट्टा स्वच्छ आहे, चालही दमदार. नॉरफॉकमधल्या एका आजींकडे याच जातीचे नर आहेत, त्या अदलाबदलीला तयार झाल्या.

लेकीला बसवून सगळं सांगितलं. ती रडली. मग तिने विचारलं, "त्यांना दुखणार नाही ना?" मी म्हटलं, त्याची पूर्ण काळजी घेऊ. शेजारच्या गावातला एक जाणता शेतकरी शनिवारी येतोय. मी त्याच्याबरोबर उभी राहणार आहे.

एकच विचारते, बाबूदादा: तुमच्याकडे बदकाच्या रश्शाचं वाटप (वाटलेला मसाला) कसं करायचे? चरबी खूप निघेल असं वाटतंय.

वाडीतला_बाबू:
तेल घालूच नका ताई. कातडीची चरबी मंद आचेवर सोडवायची, त्यातच कांदा-खोबरं तांबूस होईपर्यंत परतायचं, धणे आणि मिरी जरा जास्त. बदक कोंबडीपेक्षा चिवट, दीड-दोन तास झाकण ठेवून शिजू द्या. उरलेली चरबी बरणीत गाळून ठेवा, बटाटे फार छान होतात.