चाळकेवाडीच्या सड्यावर आता नवी पवनचक्की नको

कातळफूल:
साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत वर गेलं की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, लागतो. उंची बाराशे मीटरच्या आसपास, पश्चिमेला कोयना अभयारण्य. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर कुठे बोटभर माती, आणि बघाल तिकडे पवनचक्क्या.

मागच्या मे महिन्यात तिथे एका दगडापासून सात-आठ हातांवर पालथा पडून होतो. दगडावर नर सरडा, मान वर करून गळ्याचा पंखा उघडत होता: निळा, काळा, नारिंगी. पात्याची सावली पुन्हा पुन्हा त्याच्या अंगावरून जायची, पण तो जागचा हलला नाही. मी सरपटत हातभर पुढे गेलो, तरी नाही. एरवी डोक्यावरून घार गेली तरी हा फटीत शिरतो.

याचं शास्त्रीय नावच ‘सरडा सुपर्बा’. २०१६ साली या सरड्यांच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी आपला मराठी शब्दच दिला. पुढे २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी याच पठाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले.

झाड दिसत नाही म्हणून आपण सड्याला पडीक म्हणतो. सरकारी पडीक जमिनींच्या वर्गवारीतही उघडा कातळ येतो. त्यामुळे जागा शोधायची वेळ आली की पहिलं बोट सड्याकडेच जातं. उरलेला सडा तरी सोडा, एवढंच मागणं आहे.

खालच्या आळीचा:
दादा, मी याच भागातला. तुम्ही सरडा बघायला वर्षातून एकदा येता, आम्हाला पावसाळ्यात आजारी माणूस खाली न्यायचा असतो. चक्क्या आल्या म्हणून वर डांबरी रस्ता आला. पोरांना राखणदारीची का होईना, नोकरी लागली. सड्यावर नाचणी-वरी करून घर चालत नव्हतं, म्हणून तर निम्मा गाव मुंबईला गेला. तेव्हा सडा वाचवा म्हणत कुणी आलं नव्हतं.

वीजवाला:
कोळसा जाळून वीज करायची का मग? खाणीपायी जंगलंच्या जंगलं जातात, तिकडेही पक्षी होतेच. आणि तुमच्याच अभ्यासाप्रमाणे पक्षी घटल्यावर सरडे वाढले ना? मग सरड्याचं नुकसान काय झालं?

कातळफूल:
वाढले, खरं आहे. पण त्याच अभ्यासात ते अंगाने बारीक निघाले आणि नरांचे रंग फिके. खाणारी तोंडं वाढली, किडे तेवढेच. मादीपुढे मिरवायचा रंगच उतरला तर नुसत्या संख्येवर समाधान मानू नका. वरची घार-ससाणा काढून घेतला की खालची सगळी घडी बदलते. सरडा मोजता आला म्हणून कळलं. पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर उगवणाऱ्या इवल्या वनस्पतींचं, डबक्यांतल्या बेडकांचं काय झालं, ते कोण मोजणार? प्रकल्पाआधी पर्यावरण मंजुरी घ्यायला लावणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा येत नाही, म्हणजे त्या कायद्याखाली चक्की उभारण्याआधी कुणी विचारतही नाही.

खालच्या आळीच्या भावा, रस्त्याचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण गावाला रस्ता मिळायला कंपनी यावी लागली, हा दोष सड्याचा नाही.

वीजवाला:
ठीक. पण जुन्या चक्क्यांच्या जागी मोठ्या बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे. जुने मनोरे लहान ताकदीचे. त्यांच्याऐवजी मोजके मोठे आले तर तेवढीच वीज आणि मनोरे कमी. याला तरी विरोध नसावा.

कातळफूल:
जुन्याच चौथऱ्यांच्या आवारात बसवत असतील, नवा रस्ता कापणार नसतील आणि काढलेल्या मनोऱ्यांचं काँक्रीट उचलणार असतील, तर नाही. मात्र मोठं पातं न्यायला वळणं रुंद करावी लागतात, त्यासाठी कातळ फोडतात. फोडलेला जांभा परत जागेवर बसत नाही. बोटभर माती साचायला किती पिढ्या लागल्या असतील!

खालच्या आळीचा:
काँक्रीट उचलायचं लेखी घ्या, एवढं मात्र बरोबर बोललात. आमच्या वावराच्या कडेला एक बंद चक्की कधीची उभी आहे. मालक कोण, विचारायला गेलं तर दार कुणी उघडत नाही. खाली म्हशी सावलीला बसतात, आणि वारा सुटला की वरचा पत्रा रात्रभर वाजतो. ती काढायला कोण येणार असेल तर मी स्वतः सोबत येतो.