मदत हवी आहे: युकॉन नदीचं गढूळ पाणी पिण्याजोगं कसं करता?

मंडळी, जूनमध्ये आम्ही दोघं कॅनडात व्हाइटहॉर्स ते डॉसन, साधारण ७०० किमी, कनूने (वल्ह्यांच्या अरुंद होडीने) जाणार आहोत. वाटेतल्या लाबर्ज सरोवरावरचा वारा, फाइव्ह फिंगर रॅपिड्स या खळाळत्या टप्प्याचा उजवा फाटा, अस्वलांसाठी स्प्रे, सगळं डोक्यात पक्कं आहे. अडलंय पाण्यापाशी. व्हाइट नदी मिळाली की युकॉन राखाडी होते. गाळ कनूच्या तळाला घासून सतत सरसर आवाज येतो म्हणे! मागे हिमनदीच्या पाण्याने माझा फिल्टर दोन बाटल्यांतच चोंदला होता. बादलीत रात्रभर निवळू दिलं तर पुरतं का, की तुरटी फिरवावी? की बाजूच्या ओढ्यांवरच भरून घ्यावं? आणि हो, तिथे रात्री अंधारच पडत नाही, तर तंबूत झोपता कसे?