लोव्हेल्डचा उन्हाळा: सफारी लॉजवर राहणाऱ्यांचे आणि राबणाऱ्यांचे अनुभव

डिसेंबर ते फेब्रुवारी हा दक्षिण आफ्रिकेतला उन्हाळा. क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला पश्चिमेकडून लागून असलेली सबी सँड, टिंबावटी यांसारखी खासगी राखीव रानं ज्या सखल पट्ट्यात येतात, त्याला तिथे लोव्हेल्ड म्हणतात. आपल्याकडे उन्हाळा सरला की पाऊस येतो, तिथे दोन्ही एकत्र नांदतात. पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारनंतर आभाळ गडगडायला लागतं. ‘गवत माजलेलं असतं, जनावर दिसत नाही, हिवाळ्यातच जा’ हा सल्ला सरसकट दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. उन्हाळ्यातलं रान वेगळ्या रीतीनं पाहावं लागतं आणि लॉजही वेगळ्या रीतीनं सांभाळावा लागतो. ज्यांना हे जवळून माहीत आहे त्यांनी लिहा. किस्से नंतर, आधी नेमकं काय आणि कसं ते येऊ द्या.

सफारी गाइड

हिवाळ्यात पाणवठ्यापाशी गाडी लावली की जनावर आपण होऊन येतं. उन्हाळ्यात प्रत्येक खळग्यात पाणी असतं, म्हणून नुसतं बसून भागत नाही, माग काढावा लागतो. त्यासाठी पाऊस हा मोठा मदतनीस आहे. ठशाच्या आत थेंबांचे खळगे उमटले असतील तर जनावर पावसाआधी गेलं. ठशानंच खळगे चिरडले असतील तर पावसानंतर. रात्री पाऊस किती वाजता थांबला हे ठाऊक असेल तर सिंहाचा माग दोन-तीन तासांच्या फरकानं सांगता येतो. हिवाळ्याच्या भुसभुशीत धुळीत इतकी खात्री मिळत नाही.

गवत उंच असलं की डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. इम्पाला हरणांचा कळप थबकून एकाच दिशेला पाहत फुरफुरत असेल तर गाडी बंद करा आणि त्यांची नजर जिथे आहे तिथेच पाहा. फेरीची वेळ पहाटे पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. नऊनंतर सिंह सावलीत आडवे होतात, मग शेपटीच्या गोंड्याशिवाय काही दिसत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून इम्पालांची पाडसं जन्मू लागतात आणि बहुतेक सगळी दोन-तीन आठवड्यांत येतात. पाऊस लांबला की मादी बाळंतपण रोखून धरते, असं पाहुण्यांना अगदी ठासून सांगितलं जातं. तसं काही नसतं. माज मे महिन्यात येतो, गर्भ साधारण साडेसहा महिन्यांचा असतो, जन्माची वेळ तिथेच ठरते. सगळी पाडसं एकदम आल्यामुळे शिकारी प्राण्यांना खाऊन संपत नाहीत, फायदा आहे तो हा. याचा सफारीवर परिणाम होतो. बिबट्या पाडस मारतो आणि थोड्या वेळात संपवून मोकळा होतो. झाडावर दोन दिवस लटकणारी शिकार, जिच्यापाशी पुन्हा पुन्हा जाता येतं, ती डिसेंबरात कमीच मिळते. उलट रानकुत्र्यांचे कळप या दिवसांत पाहण्यासारखे असतात. हिवाळ्यात बिळात असलेली पिल्लं आता कळपाबरोबर धावतात.

पाऊस पडून गेल्यावर गाइडनं रस्ता सोडायला नकार दिला तर आग्रह धरू नका. क्रूगरच्या पूर्व भागात बेसाल्टची काळी चिकणमाती आहे, आपल्या रेगुरासारखी. पश्चिमेला ग्रॅनाइटची वाळू असली तरी उतारांच्या पायथ्याशी खारवट पट्टे असतात. ओल्यात तिथे गाडी घातली की पडलेले चर वर्षानुवर्षं बुजत नाहीत, आणि पुढच्या पावसात तिथूनच माती वाहून जाते.

लॉजची देखभाल पाहणारा

लॉजभोवती हत्तींसाठी बहुधा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक-दोनच विजेच्या तारा असतात. खालून तरस, बिबट्या, रानडुकरं खुशाल ये-जा करतात. अंधार पडल्यावर पाहुण्याला खोलीपर्यंत सोडायला माणूस येतो तो याच कारणानं, पाहुणचाराचा उपचार म्हणून नव्हे. त्याला परत पाठवू नये.

राखीव रानाच्या हद्दीचं कुंपण मात्र अनेक तारांचं असतं आणि उन्हाळ्यात ते सतत कुरकुरतं. ओलं गवत खालच्या तारेला टेकतं, वीज जमिनीत झिरपते आणि ६००० व्होल्टच्या वर असायला हवा तो दाब निम्म्यावर येतो. हत्तीला हे फार लवकर कळतं. दोष शोधताना कुंपणाच्या मधला स्विच उघडून पुढची वीज तोडायची आणि अलीकडे मीटरनं दाब मोजायचा. दाब वाढला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही वाढला तर अलीकडे. मग त्या भागाचे पुन्हा दोन करायचे. शेवटी हाती लागते ती वाळकी फांदी, वेल किंवा इन्सुलेटरमध्ये चिकटून मेलेला बेडूक. सर्वांत खालची जिवंत तार जमिनीलगत ठेवू नका. कासव आणि खवल्या मांजर धक्का बसला की पळत नाहीत, कासव अंग आत ओढून घेतं, खवल्या मांजर तारेभोवतीच वेटोळं करतं, आणि दोघंही तिथेच मरतात. गवत कापायचा कंटाळा आणि खाली ओढलेली तार, या दोन गोष्टींनी जितकी मुकी जनावरं जातात त्याची मला फार खंत वाटते.

छपराची शाकारणी करताना उतार ४५ अंशांचा हवा. त्याहून सपाट छपरात पाणी मुरतं आणि गवत कुजतं. थर वीतभर जाड लागतो. गळती बहुतेक वेळा कण्यावरच्या सिमेंटला पडलेल्या भेगेतून होते, म्हणून ऑक्टोबर लागण्याआधी शिडी लावून कणा पाहून घ्यावा. आभाळातली वीज पकडणारा खांब घरापासून वेगळा उभा असतो, त्याला कपड्यांची दोरी किंवा अँटेना बांधू नका.

पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी निघते. व्हरांड्यातले सगळे दिवे घालवून एकच दिवा लांब ठेवायचा आणि त्याखाली पाण्याची परात. मृगाच्या पावसात घरी करतात तेच. एरवीही पांढऱ्याऐवजी पिवळे दिवे लावले की किडे निम्म्यानं कमी येतात.

पक्षी पाहणारी

पक्ष्यांसाठी उन्हाळ्याइतका दुसरा हंगाम नाही. नोव्हेंबरात वुडलँड खंड्या येतो आणि मार्चपर्यंत त्याची ट्रिर्रर्र दिवसभर चालू असते. नाव खंड्या असलं तरी हा मासे सोडून किड्यांवर जगतो. कार्माइन वेडा राघू, युरोपियन नीलपंख हेही याच दिवसांतले. वाळवी उडते तेव्हा गरुडासारखे मोठे पक्षीसुद्धा जमिनीवर उतरून ती वेचतात, त्यामुळे पावसानंतर उघड्या मैदानाकडे जावं.

आपल्या ओळखीचे दोन पाहुणे आवर्जून शोधा. अमूर ससाणा नागालँडमार्गे येतो, महाराष्ट्रावरून जाताना लोणावळ्याच्या परिसरातही दिसतो, मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचतो. डिसेंबरपासून तो इथल्या गवताळ भागात किडे टिपत असतो. दुसरा चातक. इथेही तो पावसाबरोबरच येतो. फक्त आपल्याकडे त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालते, इथे बहुधा बुलबुलच्या.

जमिनीकडेही लक्ष असू द्या. पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे इथेही फिरतात, आणि झुडपांवर कळलावी फुलते. तिचं सौंदर्य डोळ्यांनीच घ्यावं. कंदापासून फुलापर्यंत सगळी विषारी आहे.

डॉक्टर

लोव्हेल्डमध्ये मलेरियाचा धोका साधारण सप्टेंबर ते मे. तो फाल्सिपेरम प्रकारचा, म्हणजे जीवघेणा होऊ शकणारा. तो टाळण्यासाठीची डॉक्सिसायक्लिन ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. गरोदरपणात आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी गोळी परतल्यावर सातच दिवस, मात्र ती स्निग्ध जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावी, नाहीतर नीट शोषली जात नाही. लोक चुकतात ते इथे: घरी आल्यावर गोळ्या सोडून देतात. परतल्यानंतर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि ‘आफ्रिकेत होतो’ हे आधी सांगा. न सांगितल्यास मुंबई-पुण्यात डेंग्यूच डोक्यात येतो.

अंगाला आधी उन्हाचं क्रीम, ते मुरल्यावर डास पळवणारं मलम. गवतातून चालताना पँट मोज्यांत खोचा. गोचीड चावलेल्या जागी काळी खपली, ताप आणि डोकेदुखी आली तर तो गोचीड ताप असतो आणि डॉक्सिसायक्लिननं बरा होतो.

विंचू पाहताना पुढचे चिमटे आणि शेपूट ताडून पाहा. जाड शेपूट, बारीक चिमटे तर जहाल. जाड चिमटे, बारीक शेपूट तर सौम्य. बूट झटकूनच घाला. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यांत गेलं तर डोळे चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यानं धूत राहा आणि दवाखाना गाठा.

स्वयंपाकघरातून

खोलीचं दार नुसतं लोटू नका, कडी घाला. बबून आणि व्हर्व्हेट माकडांना हँडल फिरवता येतं, फळांची परडी काचेतून दिसली तरी पुरे. चामड्याची चप्पल बाहेर राहिली तर तरस नेतं.

शेकोटीसाठी रानातलं लाकूड उचलू नये. टांबोटी या झाडाचा चीक विषारी, आणि तिच्या निखाऱ्यावर भाजलेलं खाल्लं की उलट्या-जुलाब होतात. लॉजवर ओळखीच्या जातीचंच लाकूड येतं, तेच वापरा.

शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच लिहून कळवा. भाजीपाला लांबच्या गावाहून ठरलेल्या वारी येतो, ऐनवेळी काही मिळत नाही. मक्याच्या पिठाचं घट्ट ‘पाप’ आणि चाकालाका हे भाज्यांचं तिखट कालवण आपल्या जिभेला जमतं, पण चाकालाकात मांस नाही ना, हे विचारून घ्या.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी

क्रूगरमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी मुक्कामाच्या तळांची फाटकं पहाटे ४.३० ला उघडतात आणि संध्याकाळी ६.३० ला बंद होतात. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ४०. हा हिशेब सकाळीच करा, कारण मोठ्या पावसात नद्यांवरचे बसके पूल बंद होतात. फेब्रुवारी २००० आणि जानेवारी २०१२ च्या पुरांत इथले रस्ते आणि पूल वाहून गेले होते. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका, खालचा रस्ता जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही. वळसा पडू शकतो, म्हणून पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.