रोंदा: पायऱ्या न उतरता पूल दिसतो का? (तातडीने)

पाऊलवाट_पुणे: परवा स्पेनमधल्या रोंदाला जातोय, आई सोबत आहे. नेटवर तिथल्या दरीवरच्या पुलाचे फोटो आहेत ते सगळे खालून, दरीतून काढलेले. वरून धड दिसतो का? लवकर सांगा, तिकिटं आजच काढायची आहेत.

भटक्या७२: निघणार कुठून? गाडी की बस? आईंचं वय काय, किती चालतात? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

सह्यवेडा: खाली उतरल्याशिवाय रोंदा पाहिलंच नाही म्हणा. मारिया ऑक्सिलियादोरा चौकातून वाट आहे, परतताना जरा दम लागतो इतकंच. आधीचा १७३५ चा पूल सहा वर्षांत कोसळला, माणसं मेली. मग १७५१ ला हा नवा सुरू केला तो १७९३ ला पुरा झाला. ९८ मीटरचं बांधकाम खालूनच बघायचं असतं.

मीरा_माद्रिद: अहो, शीर्षक तरी वाचा! त्यांना पायऱ्या नकोत.

पाऊलवाट_पुणे: मालागाहून, बसने, एकच दिवस. आई ७१ वर्षांची, मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास चालते.

घाटमाथा: शेंगेनचा व्हिसा असेल तर प्रवास विमा तीस हजार युरोचा लागतो, विसरू नका.

भटक्या७२: ते मालागात पोचलेत हो.

मीरा_माद्रिद: मी सासूबाईंना नेलं होतं, म्हणून सांगते. बसस्टँड नव्या भागात आहे, मेर्कादियोत. तिथून पुलापर्यंत पायऱ्या नाहीत, पण त्यांना चालवू नका, टॅक्सी करा. एस्पान्या चौकात उतरा. तिथे जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत पारादोर हॉटेल आहे, त्याच्या मागच्या बाजूने कड्यालगत फिरायला वाट आहे. कठड्याला धरून उभं राहिलं की पूल कडेने दिसतो आणि खाली ग्वादालेवीन नदी. पूल ओलांडून जुन्या गावात गेलात तर जपून. तिथल्या गल्ल्यांत गोटे बसवलेत, सासूबाईंच्या काठीचं रबर दोन गोट्यांच्या फटीत अडकलं आणि त्या तिथेच थबकल्या. मूर राजाच्या वाड्यातली पाण्याची खाण टाळाच, नदीपर्यंत नुसत्या पायऱ्या.

सह्यवेडा: खालून बघायचंच असेल तर टॅक्सीवाल्याला मोलिनोसच्या रस्त्याबद्दल विचारा. माझं आधी चुकलं, शीर्षक नीट वाचलं नव्हतं.

अंदालुसियाप्रेमी: रोंदापेक्षा सेतेनिल गाव बघा. कड्याखाली घरं, वर छप्पर म्हणून अख्खा खडक! आणि रोंदातलं १७८५ चं बैलझुंजीचं रिंगण दाखवू नका आईंना, क्रूर प्रकार आहे.

भटक्या७२: रिंगण रिकामं बघता येतं, रोज काय झुंज नसते. वास्तू म्हणून बघावंच.

अंदालुसियाप्रेमी: रिकामं असलं तरी तिथे काय चालतं ते माहीत असतंच ना.

मीरा_माद्रिद: यावर वेगळा धागा काढा. पाऊलवाट, शाकाहारी असाल तर साल्मोरेखो (टोमॅटोचं थंड सूप) मागवताना ‘सिन खामोन’, म्हणजे हॅमशिवाय, म्हणा, वरून हॅम भुरभुरतात. आणि चारनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात, आधीच जेवा.

पाऊलवाट_पुणे: आभार मीराताई. आई भूगोल शिकवायची, तिच्या स्टाफरूममध्ये या पुलाचं कॅलेंडर होतं. डिसेंबर सरला तरी तिने ते पान काढू दिलं नव्हतं. सकाळच्या बसची तिकिटं काढली. कठड्यापाशी बसायला बाक आहे का?

मीरा_माद्रिद: तिथलं नक्की आठवत नाही. रिंगणाशेजारच्या आलामेदा बागेत मात्र बाक आहेत, पूर्ण सावलीत. आधी तिथे बसवा, मग कठड्याकडे न्या.