१४ टक्के टेंडर व्होट

(सोसायटी ग्रुप, रविवार, १७ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान बुधवारी)

कुलकर्णीकाका, बी-३०४ (७:१२): "यादीत नाव नसलं तरी घाबरू नका! आधार दाखवून कलम ४९-ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर कुणी मत देऊन गेलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा. १४ टक्क्यांवर टेंडर व्होट गेले की फेरमतदान. सर्व ग्रुपवर पाठवा 🙏"

सावंत, ए-१०२ (७:१५): काका, हा २०१९ च्या लोकसभेपासून फिरतोय. खोटा आहे. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट, मत देता येत नाही.

कुलकर्णीकाका: तुम्हाला माझं काहीच पटत नाही. परवा मेट्रोवरून झालं, आज हे. मतदान वाढलं की तुमच्या लोकांच्या पोटात का दुखतं?

रोहन, सी-४०१: पॉपकॉर्न आणतो 😄

शिल्पा, सेक्रेटरी: रोहन, पुरे. काका, पक्ष मध्ये नको. आणि सगळ्यांनाच, उद्या संध्याकाळी ६ ला प्रचार संपतो, उमेदवारांचे बॅनर इथे टाकू नका.

सावंत: काका, तुम्ही मत कुणाला देणार ते अख्ख्या विंगला ठाऊक आहे 🙂 तरी तुम्ही केंद्रावरून हात हलवत परत यावं असं मला वाटत नाही. मी दोनदा इलेक्शन ड्युटी केली आहे. चॅलेंज व्होट मतदाराने मागायचा नसतो. हा माणूस तो नव्हेच, असं उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं तर तो २ रुपये भरून हरकत घेतो. टेंडर व्होट खरा आहे, पण नाव यादीत हवंच. तो कागदी मतपत्रिकेवर देतात आणि पाकिटात वेगळा ठेवतात. १४ टक्के नियमात कुठेच नाही. ४९-ए तर मतदान यंत्र कसं असावं त्याबद्दल आहे.

कुलकर्णीकाका: बँकेतल्या जुन्या मित्राने पाठवलाय. तो उगाच काही पाठवत नाही.

सावंत: त्यालाही कुणीतरी पाठवलाच असेल. वर दोन बाण दिसतायत बघा, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला आहे.

पाटीलवहिनी, ए-५०३ (७:३१): मी एरवी यात बोलत नाही. माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचं. १ जुलै २०१८, तिथल्याच राईनपाड्याचा बाजार. त्याआधी कितीतरी दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मारून टाकलं. त्यातला एक मेसेज मीही भावाला पाठवला होता, 'पोरांना जपा' म्हणून. काळजीपोटीच.

रोहन: वहिनी, ते भयंकरच होतं. पण मतदानाच्या मेसेजने कुणी मरत नाही ना.

पाटीलवहिनी: नाही मरत. पण सी विंगच्या आजी दोन तास रांगेत उभ्या राहतील आणि 'नाव नाही' ऐकून घरी येतील.

(सात-आठ मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

शिल्पा, सेक्रेटरी: बी विंगचं पाणी ८ ला बंद, टाकी धुणार आहेत.

कुलकर्णीकाका (७:४४): खरं सांगतो. मे महिन्यात लोकसभेला माझं नाव सापडलं नाही. दीड तास उभा राहून परत आलो. कधी मत चुकवलं नव्हतं. घरी सांगितलंसुद्धा नाही. हा मेसेज वाचला आणि वाटलं, आपल्याला तेव्हा कुणी का नाही सांगितलं.

सावंत: अहो, मग आधी बोलायचं ना! वोटर कार्डाचा नंबर पाठवा. इथे नको, मला वेगळा.

सावंत (८:०५): सापडलं! यादीत 'कुळकर्णी' छापलंय. केंद्रही ते नाही, यंदा पलीकडच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आहे.

कुलकर्णीकाका: 'कुळकर्णी'! बरं, मेसेज डिलीट केला. आणखी तीन ग्रुपवर टाकला होता, तिथेही चूक झाली म्हणून लिहितो. मेट्रोबद्दल मात्र माझं म्हणणं तेच.

सावंत: माझंही तेच 🙂 बुधवारी सातला खाली या, बरोबर जाऊ. मोबाईल घरीच ठेवा, आत नेऊ देत नाहीत.

कुलकर्णीकाका: येतो. आणि हिचंही बघता का जरा? माहेरच्या नावाने तर नाही ना लागलेलं?