'हीट' (1995) सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचाय: मध्यंतर कुठे, आवाज किती?

कोथरूडचा_रसिक: दिग्दर्शक मायकेल मानचा 'हीट' सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा आहे. प्रोजेक्टर, 8 फूट रुंद पडदा आणि दोन स्पीकर आहेत. अल पचिनो आणि रॉबर्ट डी नीरो सगळ्यांना 'गॉडफादर'मुळे माहीत, हा सिनेमा मात्र बहुतेकांनी पाहिलेला नाही. 170 मिनिटांत मध्यंतर कुठे घ्यावं? आवाज किती ठेवावा? आणि सुरुवातीला दोन मिनिटं बोलायचं तर काय सांगावं?

फ्रेमवेडा: मध्यंतर पचिनो आणि डी नीरो कॉफीला बसतात त्या प्रसंगानंतर लगेच, साधारण दीड तासाने. बँकेचा दरोडा आणि रस्त्यावरचा गोळीबार एका दमात बघायला हवा, तिथे चहासाठी थांबलात तर ताण गेलाच.

कथा सांगू नका. एवढंच सांगा: 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात (1974) दोघंही होते, पण एकत्र प्रसंग एकही नव्हता. समोरासमोर बसतात ते इथे, 21 वर्षांनी. मानने दोघांवर एकाच वेळी कॅमेरे लावले, एकेकाच्या खांद्यावरून. त्यामुळे डी नीरोने मान जराशी कलती केली की पचिनोच्या चेहऱ्यावर उमटतं ते त्याच क्षणाचं असतं. पचिनोचा पोलीस अधिकारी हॅना एरवी ओरडतो, अंगावर येतो. डी नीरोचा दरोडेखोर मॅकॉली शब्द मोजून बोलतो. या टेबलाशी हॅनाही आवाज खाली आणतो, आणि माझ्या मते सिनेमाची खरी ताकद त्या उतारात आहे. ही भेट नुसती कल्पनाही नाही. शिकागोचा पोलीस अधिकारी चक अ‍ॅडमसन आणि नील मॅकॉली नावाचा खरा दरोडेखोर असेच कॉफीला बसले होते.

ध्वनिमित्र: गोळीबाराचा आवाज लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर, चित्रीकरण चालू असतानाच मुद्रित केलेला आहे. उंच इमारतींवर आदळून परत येणारा तो कडकडाट नंतर स्टुडिओत बनवलेला नाही. तुमच्या हॉलची फरशी आणि मोकळ्या भिंती त्यात आपला घुमारा मिसळतील आणि नुसता गोंगाट ऐकू येईल. सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला जाड पडदे लावा.

स्पीकर दोनच आहेत, म्हणून प्लेअरचा ध्वनी 'स्टिरिओ' करून घ्या. 5.1 (सहा चॅनेलांचा ध्वनी) तसाच सोडला तर मधल्या चॅनेलमधले संवाद गळू शकतात. मग लोक आवाज वाढवायला लावतात आणि बँकेपाशी स्पीकर फाटतो. 'नाइट मोड' बंद ठेवा, तो कुजबुज आणि गोळीबार एका पातळीवर आणतो. आवाज आधी गोळीबारावर लावा, फाटायच्या बराच खाली. मग पंखे चालू ठेवून कॉफीचा प्रसंग शेवटच्या रांगेतून ऐका. शब्द कळले नाहीत तर बास कमी करा. कर्वे रस्त्याकडे खिडक्या असतील तर त्या बंदच हव्यात.

गोळीबारात दरोडेखोरांच्या टोळीतल्या वॅल किल्मरकडे लक्ष द्यायला सांगा. 30 गोळ्यांचं मॅगझिन सलग झाडलं तर दोन-अडीच सेकंदांत रिकामं होतं, आणि इथे ते खरंच बदललं जातं. ब्रिटिश लष्करातल्या अँडी मॅकनॅबने कलाकारांकडून शस्त्रांचा सराव करून घेतला होता.

पडदा_आणि_प्रकाश: चित्र 2.39:1 (रुंदी:उंची) आहे, म्हणजे 8 फुटांवर उंची जेमतेम 40 इंच. काळ्या पट्ट्या घालवायला झूम करू नका, कडेचे खांदे कापले जातील. सबटायटल खाली येतात, तेव्हा पडद्याची खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर तरी ठेवा. निम्मा सिनेमा रात्रीचा आहे. जिन्यातला दिवा दाराच्या फटीतून येत असेल तर तोही झाका.

साडेसहाला सुरू केलात आणि मध्यंतर 15 मिनिटांचं ठेवलंत, तर 9:35 ला संपेल. स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घरच्यापुरतं असतं, त्यामुळे प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकाकडून आधीच घ्या.