मदत हवी आहे: अमेरिकी अध्यक्ष निक्सन आणि कार्टर, परराष्ट्र धोरणाची तुलना कशी मांडू?

सायली_०७: परवा प्रकरण द्यायचंय आणि मी अडकलेय. निक्सनवर १२ पानं, कार्टरवर ११ पानं झालीत. सरांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलंय, "तुलना कुठे आहे?" सगळ्या घटना आल्यात, अजून काय हवं? प्लीज लवकर सांगा.

जुना_वाचक: एम.ए. की पीएच.डी.? कुठल्या देशांबाबतचं धोरण? ते कळल्याशिवाय काय सांगणार?

गोदाकाठ: १९७१ घे. ढाक्यात कत्तल चालू असताना निक्सनने पाकिस्तानच्या लष्करशहा याह्याखानला पाठीशी घातलं, कारण त्याचा सल्लागार किसिंजरला पाकिस्तानमार्गे चीनला जायचं होतं. कार्टरने मानवी हक्क आधी मानले. झाली तुलना.

उंबरठा: इतकं सरळ नाही. १९७७च्या ३१ डिसेंबरला तेहरानमध्ये दडपशाही करणाऱ्या शाहच्या इराणला 'स्थैर्याचं बेट' कोण म्हणालं? कार्टरच.

गोदाकाठ: आणि अर्जेंटिनाच्या लष्करशहांची मदतही त्यानेच कमी केली. तेही सांगा की.

रानवाट: यूपीएससीसाठी असेल तर नोट्स स्वतःच्या काढा. क्लासच्या नकोत.

सायली_०७: यूपीएससी नाही हो, एम.ए. भाग २. रशिया, चीन, भारत. १९७१ आलंय आधीच.

मिठागर: भारत आहे तर तारापूरचं अणुवीज केंद्र घे. बाबा तिथे नोकरीला होते. भट्ट्यांचं इंधन अमेरिकेतून यायचं. १९७८मध्ये कार्टरने कायदा केला: सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य नसेल तर इंधन नाही. रशिया अफगाणिस्तानात घुसल्यावर, १९८०मध्ये, त्याच कार्टरने तारापूरचं इंधन मंजूर केलं. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६, इतक्या थोडक्यात निभावलं. त्या दिवसांत आमच्याकडे रेडिओवर बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही.

जुना_वाचक: सायली, हे बघ. पानं माणसांप्रमाणे पाडलीस, ती प्रश्नांप्रमाणे पाड. चीनशी निक्सनने १९७२मध्ये सुरुवात केली, कार्टरने १९७९मध्ये राजनैतिक संबंध जोडले. तिथे दोघे एकाच वाटेवर. फरक रशियाबाबत दिसतो. साल्ट-१ हा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार करताना रशियाच्या घरात काय चाललंय याच्याशी निक्सनला कर्तव्य नव्हतं. कार्टरने सत्तेवर आल्याआल्या तिथल्या सरकारविरोधी शास्त्रज्ञ साखारोव्हला पत्र पाठवलं, रशियाचा नेता ब्रेझनेव्ह भडकला.

उंबरठा: आणि साल्ट-२ सिनेटने मंजूर केलाच नाही.

गोदाकाठ: तो अफगाणिस्तानमुळे अडकला. पत्राशी काय संबंध?

सायली_०७: साखारोव्ह आणि तारापूर दोन्ही घेते, आत्ताच बसते. पण तैवानशी संरक्षण करार कार्टरने संपवला, ते चीनच्या भागात टाकू की वेगळं?